मंडणगडात जपानी शिकवणार कोण?

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर आधीच येऊन गेलाय. ‘जपानमध्ये नोकरी, तीन महिन्यांत जपानी, व्हिसाची हमी.’ मागे बुलेट ट्रेन, फुलांनी डवरलेली साकुराची झाडं, आणि खाली एक मोबाईल नंबर. मंडणगड, दापोली, खेड या पट्ट्यातली पोरं हे बघतात आणि विचारतात, ‘आमच्याकडे क्लास कुठे आहे?’

माझ्या मते प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा. क्लास काय, एक खोली, एक फळा आणि एक बॅनर लावला की झाला. त्या फळ्यासमोर उभं कोण राहणार? जपानी शिकवणारा माणूस तयार कसा होतो, कोण करतं, आणि मंडणगडसारख्या तालुक्यात तो तयार व्हायचा असेल तर कॉलेजनं काय करायचं आणि गावानं काय करायचं, यावर आज बोलू.

आधी मागणी खरी आहे का ते बघू, कारण अफवांचा बाजार मोठा आहे. मागणी खरी आहे. जपानची लोकसंख्या घटतेय, म्हातारी माणसं वाढतायत. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या सरकारनं ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ नावाचा नवा व्हिसा सुरू केला. वृद्धांची काळजी घेणं, शेती, बांधकाम, हॉटेल, मासेमारी अशी क्षेत्रं त्यात आहेत. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात या व्हिसासाठी करार झाला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही पंतप्रधानांच्या भेटीत पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून ५ लाख माणसांची देवाणघेवाण करायचं ठरलं. त्यातली ५० हजार कुशल माणसं भारतातून जपानला जायची आहेत.

या व्हिसासाठी भाषेची अट आहे. जेएलपीटी नावाच्या परीक्षेची एन४ पातळी, किंवा त्याच तोडीची जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा. शिवाय त्या त्या कामाची वेगळी परीक्षा. वृद्धसेवेसाठी तर तिथल्या कामात लागणाऱ्या जपानीची आणखी एक. आणि व्हिसाच्या पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. हे रीलमध्ये सांगत नाहीत म्हणून इथे सांगितलं.

तीन महिने की तीनशे तास?

जेएलपीटी १९८४ पासून होते. २०१० पर्यंत तिच्या चार पातळ्या होत्या, तेव्हापासून पाच झाल्या. एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात कठीण. जुन्या परीक्षेच्या निकषांत तास लिहिलेले असत. सगळ्यात खालच्या पातळीला साधारण १५० तास, तिच्या वरच्या पातळीला, म्हणजे आजच्या एन४ च्या आसपास, ३००. आजच्या एन२ च्या आसपास ६००. हे वर्गात शिकण्याचे तास. एन४ ला रोज एक तास धरला तर दहा महिने झाले. तीन महिन्यांत करायचं तर रोज साडेतीन तास वर्ग आणि वर घरचा अभ्यास. अशक्य नाही, पण त्या वर्गात शिकवणारा तसा हवा.

आता थोडं गणित करू, कागदपेन नको. वर्षाला १० हजार मुलं, एका तुकडीत २५, म्हणजे ४०० तुकड्या. प्रत्येकीला ३०० तास, म्हणजे १ लाख २० हजार तास. पूर्णवेळ शिक्षक वर्षाला ८०० तास वर्ग घेईल असं धरा. मग लागले किती शिक्षक? दीडशे. फक्त दीडशे! जपान फाउंडेशनच्या २०१८ च्या पाहणीत भारतात जपानी शिकणारे सुमारे ३८ हजार आणि शिकवणारे सुमारे १ हजार होते. मग ओरड कसली?

ओरड अशी की ते हजार जण पुणे, दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू अशा शहरांत आहेत आणि त्यातले बरेच अर्धवेळ शिकवतात. शिवाय ज्याचं एन२ झालं त्याला आयटी कंपनी दुभाषा किंवा भाषांतरकार म्हणून उचलते. तिथला पगार आणि क्लासवरचं मानधन यांची तुलनाच नको. म्हणजे भाषेत जो पक्का झाला तो शिकवण्यातून बाहेर पडतो, आणि एन५ शिकवायला नुकताच एन४ झालेला मुलगा उभा राहतो. त्याचा दोष नाही. पण त्याला शिकवायला कोणी शिकवलेलं नसतं.

ही अडचण दोन्ही सरकारांना कळलेली आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ठरलं की पाच वर्षांत भारतात १ हजार जपानी शिक्षक तयार करायचे आणि १०० उच्चशिक्षण संस्थांत जपानीचे अभ्यासक्रम काढायचे. त्यासाठी जुलै २०१८ मध्ये दिल्लीत शिक्षक-प्रशिक्षणाचं केंद्र सुरू झालं. जपानमध्ये तर सैतामा भागात उरावा इथे परदेशी शिक्षकांना प्रशिक्षण देणारी जपान फाउंडेशनची संस्था १९८९ पासून आहे.

आपल्याकडे पुणं यात कितीतरी पुढे आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग, तिथे संध्याकाळचे जपानीचे वर्ग. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचा स्वतंत्र विभाग. आणि पुण्यातल्या जपानी शिक्षकांची स्वतःची संघटना, जाल्टॅप. शिक्षकांनीच एकत्र येऊन आपली संघटना उभी करायची, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला गेला असाल तर ते जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे हे माहीत असेल. पुणे-ओकायामा मैत्रीचं ते बाहेरचं रूप. आतलं रूप म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपानी शिकवणारी मराठी माणसं, आणि त्यात बायका पुष्कळ.

पण पुणं ते मंडणगड मध्ये सह्याद्री आहे.

मराठी माणसाचं भांडवल

शिक्षक मंडणगडचाच हवा, हा हट्ट कशाला? ऑनलाइन शिकता येतंच की! जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पुस्तक ऑडिओसकट फुकट मिळतं. जपानमधल्या रोजच्या जगण्यासाठी, दुकान, दवाखाना, कामाची जागा यांसाठी ते बनवलंय. ‘मिनातो’ नावाची त्यांची ऑनलाइन शाळा आहे. जरूर वापरा. तरीही समोर मराठी शिक्षक हवा, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे.

जपानीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतून चालतात. म्हणजे मंडणगडचा मुलगा आधी इंग्रजी वाक्य समजून घेणार, मग ते उलटं करून जपानी. कशासाठी? मराठी आणि जपानी दोन्हीत क्रियापद शेवटी येतं. ‘मी काल मुंबईला गेलो.’ जपानीत ‘वाताशि वा किनोओ मुंबई नि इकिमाशिता.’ शब्दाला शब्द लावून बघा. मुंबई‘ला’, मुंबई ‘नि’. इंग्रजीसारखं आधी नाही, आपल्यासारखंच नामाच्या मागे. प्रश्न विचारायचा तर आपण म्हणतो ‘जेवलात का?’ ते म्हणतात ‘ताबेमाशिता का?’ शेवटी ‘का’! योगायोग आहे, दोन्ही भाषांचं नातं नाही. पण शिकवताना हा योगायोग सोन्याचा आहे. ‘छान आहे ना?’ तिथे ‘ने’.

याहून मजा पुढे आहे. आपण म्हणतो ‘खाऊन बघ’. यात बघण्याचा काही संबंध नाही, प्रयत्न करून पाहा एवढंच. जपानीत ‘ताबेते मिरु’, खाऊन बघणे, हुबेहूब. ‘सांगून ठेव’ म्हणजे पुढची सोय म्हणून आत्ताच सांग. जपानीत ‘इत्ते ओकु’, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘खाऊन टाकलं’ याला ‘ताबेते शिमात्ता’. ‘घेऊन ये’ला ‘मोत्ते कुरु’. हीच रूपं इंग्रजीतून समजावताना पुस्तकाची पानं खर्ची पडतात. मराठी शिक्षक पाच मिनिटांत पुढे जाईल आणि वाचलेला वेळ जिथे खरी अडचण आहे तिथे देईल.

खरी अडचण कुठे? देण्यात. आपण ‘करून दे’ म्हणतो ते दोन्हीकडे चालतं, मी तुला करून दिलं, तू मला करून दिलंस. जपानीत मी दुसऱ्याला देतो ते ‘आगेरु’ आणि दुसरा मला देतो ते ‘कुरेरु’. इथे मराठी मुलगा हमखास अडखळतो. आणि ही चूक आपल्या मुलाची आहे हे मराठी शिक्षकाला आधीच माहीत असतं.

उच्चारांचंही तसंच. ‘त्सुनामी’तला ‘त्सु’ हिंदी भाषकाला मुद्दाम शिकवावा लागतो. आपल्याकडे तो चुलीत आहे. ‘चूल’ म्हणा आणि ‘चहा’ म्हणा, दोन च वेगळे. चुलीतला च म्हणजेच तो. ‘जाड’मधला ज जपानीत चालतो. ‘पत्ता’मधला जोड त जिथे असतो तिथे जपानी माणूसही तसाच थांबतो, ‘किते’ म्हणजे ये आणि ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट. आणि त्यांचा ‘न’ आपल्या अनुस्वारासारखा पुढचं अक्षर बघून रंग बदलतो. वर्तमानपत्राला ‘शिंबुन’, तिथे अनुस्वार म सारखा. हे आपल्याला शाळेत परसवर्ण म्हणून शिकवलेलं असतं, आणि आपण विसरलेलो असतो.

फसगतही देवनागरीतच आहे. ‘तोरि’ म्हणजे पक्षी, ‘तोओरि’ म्हणजे रस्ता. मराठीत ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ नाही, म्हणून वहीत दोन्ही ‘तोरी’ असंच लिहिलं जातं आणि तोंडातूनही तसंच येतं. ‘ओबासान’ काकू-मावशी, ‘ओबाआसान’ आजी. वृद्धसेवेला गेलेल्या मुलीनं ही चूक केली तर आजीबाई हसतील, काकूबाई नक्की रागावतील! देवनागरीत उच्चार लिहून जपानी शिकवणारा क्लास दिसला तर सावध व्हा. पहिल्या काही आठवड्यांतच हिरागाना अक्षरांवर यायला हवं.

बरं, त्या अक्षरांचा क्रम काय? आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटलं ना? स्वर, मग क वर्ग, त वर्ग, प वर्ग, आणि शेवटी य, र, व. (हा च्या जागी पूर्वी प होता, सा च्या जागी च सारखा उच्चार.) हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून जपानी अक्षरांना हा वर्णमालेचा क्रम मिळाला. सिद्धम् विद्या जपानात रुजवणाऱ्यांत कूकाई हा मोठा आचार्य. तो चीनमधून ८०६ मध्ये परतला आणि ८१६ मध्ये त्यानं वाकायामा भागातल्या कोयासान डोंगरावर मठाची स्थापना केली. आज तिथे कोयासान विद्यापीठ आहे.

आणि त्या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एका पुतळ्याचं अनावरण केलं. कोणाचा पुतळा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे. तालुका मंडणगड. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात त्याआधी, २०१३ मध्ये, करारही झालेला होता.

मंडणगड आणि जपान हे नातं मी ओढूनताणून जोडलेलं नाही, एवढंच सांगायचं होतं.

विद्यापीठ गावात आल्यावर

आंबडव्यालाच मुंबई विद्यापीठाचं मॉडेल कॉलेज आहे. म्हणजे विद्यापीठ दूर मुंबईत नाही, तालुक्यात आहे. मुंबई विद्यापीठाकडे आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागही आहे, ज्यात कॉलेजची मुलं समाजात जाऊन काम करतात. एनएसएस आहेच. यंत्रणा आहे, त्यात जपानी शिक्षक तयार करण्याचं काम कसं बसेल?

आधी जपानमध्येच काय झालं ते ऐका. तिथे आलेल्या परदेशी माणसांना भाषा कोण शिकवतं? कितीतरी गावांत स्वयंसेवक. निवृत्त शिक्षिका, गृहिणी, विद्यार्थी, आठवड्यातून एकदा सार्वजनिक सभागृहात बसून शिकवतात. त्यांना कसं शिकवायचं हे सांगायला जवळचं विद्यापीठ. जून २०१९ मध्ये जपानी शिक्षणाला चालना देणारा कायदा झाला, त्यात ही जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर आली. एप्रिल २०२४ पासून जपानी शिक्षकांसाठी राष्ट्रीय पातळीची नोंदणी सुरू झाली. म्हणजे नुसत्या हौसेवर भागत नाही हे तिथेही मान्य झालं.

यातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण हिरोसाकीचं. उत्तरेकडचं आओमोरी, सफरचंदांचा मुलूख. आपल्याकडे हापूस तसं तिकडे सफरचंद. १७ जानेवारी १९९५ ला कोबे परिसरात मोठा भूकंप झाला, ६ हजारांहून जास्त माणसं गेली. नंतर लक्षात आलं की परदेशी रहिवाशांत जखमींचं प्रमाण जपानी माणसांच्या दुपटीहून जास्त होतं. एक कारण भाषा. सूचना येत होत्या, पण त्या सरकारी जपानीत. हिरोसाकी विद्यापीठातल्या समाजभाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि ‘यासाशिई निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, तयार झाली. साधारण २ हजार शब्दांत बसणारी, छोट्या वाक्यांची. ‘हिनान्जो’ या आश्रयस्थानासाठीच्या शब्दाऐवजी ‘मिन्ना गा निगेरु तोकोरो’, सगळे पळून जातात ती जागा. ‘योशिन’ या नंतरच्या धक्क्याऐवजी ‘आतो कारा कुरु जिशिन’, मागून येणारा भूकंप. नगरपालिका आणि रेडिओवाले ही भाषा वापरू लागले.

मंडणगडकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धनजवळ ते किनाऱ्याला धडकलं आणि मंडणगड-दापोलीतल्या पोफळी, माड, आंबे आडवे झाले. कित्येक वाड्यांवर दिवसेंदिवस वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. ‘सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे’ हे वाक्य मराठीच आहे, पण नदीकाठच्या आजीला त्यापेक्षा ‘पाणी येणार आहे, वरच्या वाडीत चला’ हे पटकन कळतं. भाषा शिकवणाऱ्या माणसाला ही नजर लागते. समोरच्याला किती शब्द येतात, त्यातल्या त्यात हे कसं सांगू? शिक्षक-प्रशिक्षणातलं मोठं काम हेच असतं.

आता प्रशिक्षणात नेमकं काय होतं? भाषा येते तो शिकवू शकतो, हा आपला जुना गैरसमज. प्रशिक्षणात एकच मुद्दा, समजा ‘-ते मिरु’, कसा उलगडायचा ते आधी कागदावर आखतात. कोणतं चित्र, कोणता प्रश्न, मुलं कधी बोलणार, फळ्यावर काय. मग नकली वर्ग घ्यायचा, सहकारी विद्यार्थी बनतात, मागे बसून कोणी मिनिटं मोजतो. शिक्षक किती वेळ बोलला आणि मुलं किती वेळ बोलली? पहिल्यांदा हा आकडा बघून बहुतेकांची तोंडं उतरतात. मग खरा वर्ग, पुन्हा निरीक्षण. असं वीस-पंचवीस वेळा झालं की माणूस तयार होऊ लागतो.

बोलण्यावर एवढा भर देण्याचं कारण असं की जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नाही. जेएफटी-बेसिकमध्येही नाही. पर्याय निवडायचे. त्यामुळे पर्याय घोटून घेणारा क्लास निकाल देऊ शकतो, आणि तोच मुलगा जपानात पहिल्या दिवशी मुका होतो. नुसत्या निकालाच्या पाटीवरून क्लास जोखू नका.

मला दिसणारा रस्ता असा आहे. तालुक्यातली डी.एड., बी.एड. झालेली आणि नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली मंडळी घ्या. फळ्यासमोर उभं राहायचं कसब त्यांच्याकडे आहे, भाषा नाही. अशा पाच-सहा जणांना दोन वर्षं जपानी शिकवायचं. आठवड्याला दहा तास धरले तर साठ आठवड्यांत ६०० तास होतात, सणवार, भातलावणी, गणपती-शिमगा धरून दोन वर्षं. रोजचे धडे ऑनलाइन, महिन्यातून एकदा पुण्या-मुंबईचा अनुभवी शिक्षक आंबडव्याला येणार, सुट्टीत हे सहा जण तिकडे जाणार. दुसऱ्या वर्षी त्यांनी कॉलेजातल्या मुलांची एन५ ची तुकडी घ्यायची, मागे निरीक्षक बसलेला. विद्यापीठानं काय द्यायचं? प्रमाणपत्र, निरीक्षक आणि मानधन. मानधनावर जोर देतो, कारण ते नसेल तर तिसऱ्या वर्षी हे सहाही जण आयटी कंपनीत दिसतील.

आणि गावानं? गावाचं काम सतरंज्या घालण्यापुरतं नाही. याचं उदाहरण तालुक्यातच आहे. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास तिथे काम सुरू केलं, पुढे २००६ पासून कासव महोत्सव. ज्ञान बाहेरून आलं, पण पहाटे किनाऱ्यावर घरटी शोधणारी आणि पाहुण्यांना घरात उतरवून जेवू घालणारी माणसं गावातली. बाहेरच्यांनी येऊन कासवं वाचवली असती तर ती एका मोसमापुरती वाचली असती. जपानी शिक्षणातही वाचनालयाची खोली, संध्याकाळी मुलींना घरी सोडायची सोय, दर महिन्याला मुलांचं बोलणं ऐकायला येणारे पालक, हे गावच देऊ शकतं. शिवाय सध्या जपानात असलेली किंवा परतलेली कोकणातली मुलं असतील तर त्यांना महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर आणा. तिथलं भाडं, थंडी, मुकादमाचा स्वभाव त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही.

बोलीचंही तेच सांगतील. वर्गात शिकाल ती टोकियोची प्रमाण जपानी. वृद्धाश्रमातली आजी बोलेल तिच्या गावची. हिरोसाकीकडची त्सुगारू बोली तर टोकियोच्या माणसालाही समजत नाही. पण घरी बाणकोटी बोलून शाळेत प्रमाण मराठी लिहिणाऱ्या मुलाला दोन भाषांत ये-जा करायची सवय लहानपणापासूनची आहे. तिला कमी लेखू नका.

एक शेजारची गोष्ट सांगतो. महर्षी कर्वे दापोलीतल्या मुरूडचे. टोकियोत १९०१ मध्ये निघालेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली, आणि १९१६ मध्ये त्यांनी आपल्याकडचं महिला विद्यापीठ काढलं. शिक्षणाचं माध्यम मातृभाषा. हेच कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला घाटातून पायी गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. आज मंडणगडच्या मुलीला जेएलपीटी द्यायची तर मुंबई किंवा पुणं गाठावं लागतं. रात्रीची एस.टी., कोणाच्या तरी खोलीवर मुक्काम, सकाळी परीक्षा. चालत जावं लागत नाही एवढंच.

फी भरण्याआधी

एजंट हा शब्द मंडणगडला नवा नाही. दुबई-कुवेतच्या वाऱ्या करणाऱ्या घरांत त्याचे किस्से पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. कायदा तोच आहे, १९८३ चा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे सरकारी नोंदणी हवी, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि तो सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो. भाषेच्या क्लासची फी मात्र वेगळी लावली जाते, आणि लाखांचे आकडे तिथेच फुगतात. म्हणून पावती क्लासची वेगळी आणि एजंटची वेगळी मागा. मूळ कागदपत्रं, पासपोर्ट कोणाकडे ठेवायला देऊ नका.

क्लासमध्ये गेलात तर शिकवणाऱ्याला विचारा, तुमचं एन किती झालंय? प्रमाणपत्र बघू का? शिकवण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलंत? एका तासात आम्ही किती वेळ बोलणार? एक तास मागे बसून ऐकायची परवानगी मागा. चांगला शिक्षक हो म्हणतो. तुमच्यापैकी कोणाला स्वतःच शिक्षक व्हायचं असेल तर एन५ होताच गावातल्या दोन शाळकरी मुलांना हिरागाना शिकवून बघा. आपलं काय कच्चं आहे ते तिथे जितकं लवकर कळतं तितकं कुठल्याच मॉक टेस्टमध्ये कळत नाही.

जेएलपीटी वर्षातून दोनदा असते, जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार. अर्ज तीन-चार महिने आधीच भरावे लागतात. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला, वडिलांचं नाव मध्ये आहे की शेवटी तेही बघून. पासपोर्ट अजून काढला नसेल तर या महिन्यात आधी ते काम उरका.